सेन्सर मोठा म्हणजे नेमकं काय मोठं? तीन फोटो काढून स्वतःच तपासा

कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापलेला असतो. सेन्सरचं माप मात्र माहितीपत्रकाच्या आत, कुठल्यातरी खालच्या ओळीत सापडतं. साहजिकच नवशिका माणूस आधी मेगापिक्सेल मोजतो. मग वर्षभराने कुणीतरी त्याला सांगतं, 'मेगापिक्सेल सोड, सेन्सर मोठा घे.' हा सल्ला आधीच्या समजुतीपेक्षा बरा, पण अर्धवट. मोठ्या सेन्सरने कधी फोटो खरोखर सुधारतो, कधी तसूभर फरक पडत नाही, आणि कधी नुसतं खांद्यावरचं ओझं वाढतं. यातलं काय कधी होतं हे ओळखता आलं, तर पुढचे बरेच चुकीचे निर्णय टळतात.

मला हे वाचून समजलं नव्हतं. मापं आणि सूत्रं पाठ होती, तरी 'याने माझ्या फोटोत काय बदलेल' या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. एका संध्याकाळी एकाच कॅमेऱ्याने तीन फोटो काढून शेजारी ठेवले आणि उलगडा झाला. तो प्रयोग या लेखात आहे. त्यासाठी दुसरा कॅमेरा लागत नाही. हातात आहे तो कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेला साधा झूम लेन्स पुरतो. त्याआधी थोडी पूर्वतयारी करून घेऊ.

पायरी १: आपला सेन्सर किती मोठा आहे ते शोधा

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात 'सेन्सर' किंवा 'इमेज सेन्सर' अशी ओळ असते. तिथे मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी दिली असेल तर काम सोपं. नेहमी भेटणारी मापं अशी:

फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी, क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी
एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ३६७ (कॅननचा थोडा लहान, सुमारे २२.३ × १४.९ मिमी)
मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी, क्षेत्रफळ सुमारे २२५
'१ इंची': १३.२ × ८.८ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ११६
'१/२.३ इंची': ६.१७ × ४.५५ मिमी, क्षेत्रफळ सुमारे २८

फुल फ्रेमच्या वरही मिडियम फॉरमॅट आहे. त्यातला सध्या जास्त दिसणारा सेन्सर साधारण ४४ × ३३ मिमीचा.

या यादीतल्या इंचांवर विश्वास ठेवू नका. '१ इंची' सेन्सरची कुठलीच बाजू १ इंच नसते. त्याचा कर्णसुद्धा जेमतेम १६ मिमी भरतो, आणि १ इंच म्हणजे २५.४ मिमी. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांमधल्या काचेच्या नळ्यांवरून आलं. तेव्हा नळीचा बाहेरचा व्यास सांगायची पद्धत होती आणि प्रतिमा उमटणारा भाग त्याच्या साधारण दोन तृतीयांश असे. नळ्या गेल्या, नाव राहिलं. म्हणून इंचात माप दिसलं की मिलिमीटरमधलं माप शोधून काढायचं.

३६ × २४ हे मापही डिजिटल काळातलं नव्हे. ऑस्कर बर्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी धावेल असा छोटा कॅमेरा तयार केला आणि सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट चौकट घेतली. १९२५ मध्ये 'लायका' या नावाने तो बाजारात आला. तीच चौकट पुढे इतकी रूढ झाली की आजही बाकीच्या सगळ्या सेन्सरांची मापं तिच्याशी ताडून सांगतात.

पायरी २: क्रॉप फॅक्टर काढा

फुल फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी आहे. त्याला आपल्या सेन्सरच्या कर्णाने भागलं की क्रॉप फॅक्टर मिळतो. एपीएस-सीचा १.५ (कॅननचा १.६), मायक्रो फोर थर्ड्सचा २, १ इंचीचा २.७ आणि १/२.३ इंचीचा सुमारे ५.६.

फोनच्या सेन्सरचं माप बहुधा सापडत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. झूम न करता मुख्य कॅमेऱ्याने एक फोटो काढा आणि त्याचा तपशील उघडा. त्यात फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दृश्य दाखवतो ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा) बऱ्याचदा दोनदा नोंदवलेली असते: एक खरी, दुसरी '३५ मिमी समतुल्य'. समतुल्य आकड्याला खऱ्या आकड्याने भागा. समजा खरी ६.९ मिमी आणि समतुल्य २४ मिमी असेल, तर क्रॉप फॅक्टर आला साधारण ३.५.

क्रॉप फॅक्टर म्हटलं की बहुतेक जण फक्त फोकल लेंग्थला गुणतात. म्हणजे मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमीचा लेन्स फुल फ्रेमवरच्या ५० मिमीइतकंच दृश्य दाखवतो. एवढं बरोबर आहे. पण हाच गुणाकार अ‍ॅपर्चरलाही, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक किती उघडं आहे ते सांगणाऱ्या एफ आकड्यालाही, लावावा लागतो, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. तो गोंधळ प्रयोगात सुटेल.

पायरी ३: रवाळपणा कुठून येतो ते समजून घ्या

अंधुक उजेडात काढलेल्या फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात, त्याला नॉइज म्हणतात. सर्वसाधारण समजूत अशी की आयएसओ वाढवलं म्हणून नॉइज आला. प्रत्यक्षात आयएसओ वाढवल्याने सेन्सर जास्त प्रकाश पकडायला लागत नाही. आहे तो संकेत वाढवून दाखवला जातो, इतकंच. नॉइज येतो तो मुळात प्रकाश कमी मिळाल्यामुळे.

कोरड्या अंगणात पावसाचे पहिले थेंब पडतात ते आठवा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर एकही नाही, पलीकडे पाच. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो आहे, तरी अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पाऊस चालू राहिला की काही वेळाने सगळ्या फरश्या एकसारख्या ओल्या होतात. थेंबांमधला विस्कळीतपणा संपलेला नसतो, पण एकूण थेंबच इतके झालेले असतात की कमी-जास्त डोळ्यांत भरत नाही.

प्रकाशही असाच सुट्या कणांनी, फोटॉनांनी येतो. एखाद्या जागी सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर प्रत्यक्षात साधारण १० इकडेतिकडे होतात. म्हणजे १० टक्के चढउतार, आणि तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो. १०,००० फोटॉन येणार असतील तर चढउतार १००चा, म्हणजे फक्त १ टक्का. नियम वर्गमुळाचा आहे: प्रकाश चौपट झाला की फोटो दुपटीने स्वच्छ होतो. हा चढउतार कुठल्याही कंपनीचं तंत्रज्ञान पुसू शकत नाही, कारण तो कॅमेऱ्यात तयार होत नाही. तो प्रकाशातच असतो.

आता सेन्सरकडे या. दोन कॅमेरे आहेत, एक फुल फ्रेम आणि एक मायक्रो फोर थर्ड्स. दोन्हींवर तेच अ‍ॅपर्चर, तोच शटर, तेच आयएसओ, आणि दोघांनीही तेच दृश्य तेवढंच टिपलं. दोन्ही फोटो सारखेच उजळ येतील, कारण दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश सारखा आहे. पण एकाकडे ८६४ चौरस मिमी आहेत आणि दुसऱ्याकडे २२५. त्याच दृश्यासाठी फुल फ्रेमने एकूण जवळपास चौपट प्रकाश गोळा केला. छायाचित्रणाच्या भाषेत हा २ स्टॉपचा फरक झाला; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. फुल फ्रेम आणि एपीएस-सी यांच्यात तो सव्वा स्टॉपच्या आसपास, १ इंचीशी जवळपास ३ स्टॉप, आणि १/२.३ इंचीशी सुमारे ५ स्टॉप.

फोटोचा उजळपणा आणि फोटोत जमलेला एकूण प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मनात पक्कं करा आणि कॅमेरा हातात घ्या.

पायरी ४: तीन फोटोंचा प्रयोग

खोलीत एक टेबल घ्या. टेबलाच्या पुढच्या कडेला छापील मजकूर असलेली एखादी वस्तू ठेवा. तिच्या दीड-दोन मीटर मागे पुस्तकांची फळी किंवा बारीक नक्षी असलेलं काहीही असू द्या. दृश्यात एखादा काळोखा कोपरा मुद्दाम ठेवा. नॉइज सर्वांत आधी तिथेच दिसतो. उजेड एका दिव्याचा आणि स्थिर हवा. खिडकीतला नको, कारण तो मिनिटामिनिटाला बदलतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला तरी चालेल, फक्त तो हलता कामा नये. मोड मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), ऑटो आयएसओ बंद, व्हाइट बॅलन्स एकच ठरवून ठेवलेला, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, २ सेकंदांचा टायमर चालू. शटर १/३० किंवा त्याहून संथ ठेवा, म्हणजे दिव्याची लुकलुक आड येणार नाही. फोकस तिन्ही वेळा पुढच्या वस्तूवरच.

खालची उदाहरणं १८-५५ मिमीच्या नेहमीच्या झूम लेन्ससाठी आहेत. तुमचा लेन्स वेगळा असेल तर असे दोन आकडे घ्या की एक दुसऱ्याच्या निम्मा असेल.

फोटो 'अ': ३६ मिमी, एफ/५.६, आयएसओ १६००. शटर असा निवडा की फोटो नीट उजळ येईल. तो आकडा लिहून ठेवा.

फोटो 'ब': कॅमेरा जागचा न हलवता झूम १८ मिमीवर आणा. एफ/५.६, आयएसओ १६००, शटर तोच. आता चौकटीत दुपटीने रुंद दृश्य दिसेल. दिसू द्या.

फोटो 'क': पुन्हा ३६ मिमी. आता एफ/११, शटर तोच, आयएसओ ६४००. अ‍ॅपर्चर २ स्टॉप बंद केलं आणि आयएसओ २ स्टॉप वाढवलं, त्यामुळे उजळपणा तोच राहील.

संगणकावर तिन्ही उघडा. नॉइज कमी करणारी आणि धार वाढवणारी सगळी सोय शून्यावर आणा, नाहीतर आपण सेन्सरऐवजी सॉफ्टवेअर तपासत बसू. 'ब' फोटोचा मधला भाग कापा, लांबी निम्मी आणि रुंदी निम्मी. राहिलेली चौकट जवळपास 'अ'सारखीच असेल. ही कापाकापी म्हणजे सेन्सर लहान करणंच आहे. कॅमेरा फुल फ्रेम असेल तर 'ब'मध्ये उरलेला तुकडा साधारण मायक्रो फोर थर्ड्सच्या मापाचा झाला. कॅमेरा एपीएस-सी असेल तर तो १ इंचीपेक्षा थोडाच लहान. शेवटी तिन्ही फोटो सारख्याच मापाला आणा, रुंदी २००० पिक्सेल ठेवली तर चांगलं, आणि शेजारी शेजारी मांडा.

पायरी ५: काय दिसलं ते वाचा

'अ' आणि 'ब' मधला फरक लगेच कळेल. 'ब'मध्ये काळोखा कोपरा जास्त रवाळ आहे. मागची पुस्तकं मात्र 'ब'मध्ये जास्त स्पष्ट वाचता येतात आणि 'अ'मध्ये ती धुसर झाली आहेत. मोठ्या सेन्सरचे म्हणून सांगितले जाणारे दोन्ही गुण, कमी नॉइज आणि धुसर पार्श्वभूमी, इथे समोर आहेत.

आता 'ब' आणि 'क' शेजारी ठेवा आणि इथे जरा रेंगाळा. 'क' तुमच्या पूर्ण सेन्सरने काढला आहे, 'ब' त्याच्या पाव तुकड्याने. तरी रवाळपणा जवळपास तेवढाच आणि मागची पुस्तकंही तेवढीच स्पष्ट. पाव सेन्सर आणि पूर्ण सेन्सर यांचा निकाल एकसारखा लागला! 'ब' किंचित मऊ वाटेल, कारण त्यात पिक्सेल कमी आहेत आणि लेन्सची प्रतिमा दुपटीने ताणली गेली आहे. पण प्रकाशाचा हिशेब जुळलेला आहे.

तो का जुळला हे एका भागाकारात कळतं. अ‍ॅपर्चरचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत येण्याच्या भोकाचा व्यास. उलटं भागून पाहा:

'अ': ३६ ÷ ५.६ = ६.४ मिमी
'ब': १८ ÷ ५.६ = ३.२ मिमी
'क': ३६ ÷ ११ = ३.३ मिमी

'ब' आणि 'क' मध्ये भोक तेवढंच होतं, शटर तेवढाच वेळ उघडा होता आणि दृश्य तेच होतं. म्हणून त्या दृश्यातून आलेला प्रकाशही तेवढाच. तो लहान पृष्ठभागावर पडला की मोठ्या, याने फारसं बिघडलं नाही. 'अ'मध्ये भोकाचा व्यास दुप्पट होता, म्हणून प्रकाश चौपट आला.

मला या विषयात जे सांगायचं आहे ते इथे आहे. मोठा सेन्सर स्वतःहून प्रकाश आणत नाही. तो मोठं भोक वापरायची मुभा देतो. ती मुभा तुम्ही घेतली तर फायदा मिळतो, घेतली नाही तर मिळत नाही.

क्रॉप फॅक्टरने अ‍ॅपर्चरलाही गुणायचं ते याचसाठी. मायक्रो फोर थर्ड्सवरचा २५ मिमी एफ/१.४ लेन्स दृश्य, पार्श्वभूमीचा धुसरपणा आणि एकूण प्रकाश या तिन्ही बाबतीत फुल फ्रेमवरच्या ५० मिमी एफ/२.८ सारखा वागतो. उजळपणाच्या हिशेबात, म्हणजे शटर आणि आयएसओ ठरवताना, तो एफ/१.४च राहतो.

आता खरेदीचा प्रश्न पाहा. कुणी फुल फ्रेम कॅमेरा घेतला आणि त्यावर हलका झूम लावला, जो ५० मिमीला एफ/५.६ इतकाच उघडतो. भोक झालं ८.९ मिमीचं. शेजारी मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमी एफ/१.४, भोक १७.९ मिमीचं. अंधुक खोलीत त्याच शटरला लहान सेन्सरवाला चौपट प्रकाश गोळा करतो. मोठ्या सेन्सरसाठी पैसे घालायचे आणि त्याच्यापुढे बारीक भोक ठेवायचं, ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की कुणी विचारलं की मी आधी लेन्स विचारतो, कॅमेरा नंतर.

पायरी ६: आपले फोटो कुठल्या गटात बसतात ते ठरवा

मागच्या दोन-तीन महिन्यांतले आपले फोटो काढा आणि जे बिघडले ते बाजूला घ्या. ते का बिघडले, हे प्रत्येकाला विचारायचं.

विषय हलता होता आणि उजेड कमी होता, जसं रंगमंच, घरातली लहान मुलं, बंदिस्त मैदानातला खेळ, तर शटर संथ करता येत नाही. भोक मोठं करणं हाच उपाय उरतो. इथे मोठा सेन्सर आणि त्याला शोभेल असा उजळ लेन्स मिळून खरोखर मदत करतात. व्यक्तिचित्रांत पार्श्वभूमी विरघळवायची असेल तरी हेच.

निसर्गदृश्यं वेगळी. तिथे पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं, म्हणजे भोक लहानच ठेवायचं. मग मोठा सेन्सर वाया जातो का? कॅमेरा हातात असेल आणि शटर वाढवता येत नसेल, तर बऱ्याच अंशी हो. 'ब' आणि 'क' तेच सांगत होते. पण कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर शटर हवा तितका वेळ उघडा ठेवता येतो. सर्वांत कमी आयएसओवर मोठा सेन्सर भरून वाहण्याआधी एकूण जास्त प्रकाश साठवू शकतो. त्यामुळे सावलीतला भाग नंतर उजळवला तरी तो रवाळ होत नाही. उगवत्या सूर्याचं आकाश आणि त्याच फोटोतला काळोखा उतार, दोन्ही टिकतात. डायनॅमिक रेंज म्हणतात ती हीच.

भर उन्हात काढलेला आणि पडद्यावर पाहायचा फोटो असेल तर फरक शोधून सापडत नाही. प्रकाश मुबलक असतो, आणि ४के पडद्यालाही ८३ लाख पिक्सेलच लागतात. आपले बहुतेक फोटो या गटातले निघाले तर सेन्सर वाढवून काही हाती लागणार नाही, हे मनापासून सांगतो.

पक्षी आणि दूरचे प्राणी हा मोठा अपवाद. तिथे कितीही लांब लेन्स लावला तरी शेवटी मधला भाग कापावाच लागतो. कापून उरणारा तुकडा दोन्ही सेन्सरांवर तेवढ्याच मापाचा असतो, मग बाजूच्या मोठ्या सेन्सरचा उपयोग काय? तिथे त्या तुकड्यावर किती पिक्सेल बसले आहेत हे महत्त्वाचं ठरतं. मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिमीचा लेन्स फुल फ्रेमवरच्या ६०० मिमीइतकं जवळचं दृश्य देतो, आणि तो हातात धरून दिवसभर चालता येतं. फुल फ्रेमवर ६०० मिमीला तोच एफ आकडा हवा असेल तर भोक दुप्पट, प्रकाश चौपट, आणि वजनही त्याच मानाने.

अगदी जवळून किडे-फुलं टिपणाऱ्यांना फोकसची खोली हवी असते आणि ती नेहमी अपुरी पडते. लहान सेन्सरवर त्यासाठी अ‍ॅपर्चर फार बंद करावं लागत नाही, फ्लॅश असेल तर प्रकाशाची अडचणही नसते.

अ‍ॅपर्चर किती बंद करावं

नवशिक्यांची ही चूक सेन्सरच्या मापाशीच जोडलेली आहे. अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की एका टप्प्यानंतर सगळाच फोटो मऊ होतो. बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/८ ला सेन्सरवर साधारण १०.७ मायक्रॉनची चकती होऊन उमटतो. ही चकती सेन्सर कुठलाही असो, तेवढीच. पण २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो, २० मेगापिक्सेलच्या १ इंचीवर अवघा २.४ मायक्रॉनचा. त्यात लहान सेन्सरची प्रतिमा जास्त ताणावी लागते. ३६ सेंटिमीटर रुंद छापायचं तर फुल फ्रेम १० पट वाढवावी लागते, मायक्रो फोर थर्ड्स जवळपास २१ पट, १/२.३ इंची तर ५८ पट. चकतीही तितकीच वाढते.

म्हणून फुल फ्रेमवरच्या एफ/१६ ला जे मऊपण येतं ते मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८ लाच येतं. 'निसर्गदृश्याला एफ/१६ ठेवा' हा सल्ला वाचलात तर तो कुठल्या सेन्सरसाठी आहे ते आधी पाहा. आपला आकडा काढायला त्याला क्रॉप फॅक्टरने भागायचं. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही त्याचं एक कारण हेच.

मेगापिक्सेलचं काय?

एकाच मापाच्या सेन्सरवर २४ मेगापिक्सेल असोत की ४५, गोळा होणारा एकूण प्रकाश जवळपास तोच. ४५ मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहिला तर तो जास्त रवाळ दिसतो, कारण आपण दृश्याचा आणखी लहान तुकडा आणखी मोठा करून पाहत असतो. दोन्ही एकाच मापाला आणले की फरक बराचसा मावळतो. फारच कमी उजेडात, सेन्सरमधून संकेत वाचताना होणारी भेसळ मध्ये येते, तेव्हा थोडा फरक राहू शकतो. पण 'मोठे पिक्सेल म्हणजे कमी नॉइज' हे ज्या ठामपणे सांगितलं जातं त्याला तेवढा आधार नाही. आधी सेन्सरचं क्षेत्रफळ, मग त्यापुढचं भोक, पिक्सेलची संख्या त्यानंतर.

फुल फ्रेमवर एपीएस-सीसाठी बनवलेला लेन्स लावणार असाल तर एक गणित करून ठेवा. त्या लेन्सची प्रतिमा पूर्ण सेन्सर झाकत नाही, म्हणून कॅमेरा मधलाच भाग वापरतो. २४ मेगापिक्सेलमधले साधारण १० ते ११ उरतात आणि विकत घेतलेला सेन्सरचा मोठेपणा तिथेच वाया जातो. जुने लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालतात हे खरं, पण असे चालतात.

मग फोन इतके चांगले फोटो कसे काढतो?

फोनचा मुख्य सेन्सर, समजा क्रॉप फॅक्टर ३.५ चा, आणि लेन्स एफ/१.८. फुल फ्रेमच्या भाषेत तो एफ/६.३ झाला. म्हणजे एका फोटोत तो खरोखरच कमी प्रकाश गोळा करतो, आणि पार्श्वभूमीचा धुसरपणा त्याला हिशेबाने रंगवावा लागतो. केसांच्या कडेला तो हिशेब चुकतो ते म्हणून.

पण फोन एक फोटो काढतच नाही. तो लागोपाठ अनेक फोटो घेतो आणि एकावर एक जुळवतो. नऊ फोटो जुळवले की प्रकाश नऊपट जमला आणि फोटो तिपटीने स्वच्छ झाला, तेच वर्गमूळ. प्रकाश पृष्ठभागाच्या ऐवजी वेळातून गोळा केला, इतकाच फरक. दृश्य स्थिर असेल तर ही युक्ती फार छान चालते. धावणारं मूल असेल तर जुळवायला काही जुळतच नाही, आणि चेहरा पुसट होतो. स्वतःच्या फोनवर पाहा: रात्री एकाच खोलीत एक फोटो रिकाम्या खुर्चीचा आणि एक त्याच खुर्चीवर चुळबुळ करणाऱ्या माणसाचा काढा.

हीच युक्ती मोठ्या कॅमेऱ्यानेही करता येते. ट्रायपॉडवर चार फोटो घेऊन संगणकात त्यांची सरासरी काढली तर स्थिर विषयासाठी मायक्रो फोर थर्ड्सचा नॉइज फुल फ्रेमच्या जवळ जातो.

पायरी ७: दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना

नमुना फोटो पाहायचे तर रॉ फाइल मिळवा. जेपेगमध्ये प्रत्येक कंपनी नॉइज आपापल्या पद्धतीने पुसते, आणि पुसताना त्वचेचा पोत आणि कापडाची वीण घेऊन जाते. दोन्ही फाइल एकाच मापाला आणून मगच पाहा. शटर दोन्हीकडे सारखा आहे का ते तपासा, कारण 'आयएसओ ३२००' एवढ्यावरून कुणाला किती प्रकाश मिळाला ते कळत नाही.

त्यानंतर, जो लेन्स तुम्ही खरोखर घेणार आहात त्याची फोकल लेंग्थ त्याच्या अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागा. तुम्हाला हव्या त्या दृश्याला दोन्ही पर्यायांत भोक किती मिलिमीटरचं येतं ते कागदावर लिहा. आकडे सारखे आले, तर कमी उजेडातल्या हलत्या विषयासाठी दोन्ही कॅमेरे जवळपास सारखे आहेत, आणि निवड वजन, फोकसचा वेग आणि हातात कसा बसतो यावर करायला हरकत नाही. व्हिडिओ काढणार असाल तर कॅमेरा झटकन डावीकडून उजवीकडे फिरवून खांब किंवा दाराची चौकट तिरकी होते का तेही पाहून घ्या. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, मोठ्या सेन्सरला त्यासाठी बऱ्याचदा जास्त वेळ लागतो, आणि हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.